वरच्या खाचराची माती

२०२५ साल, माघ महिना. थंडी सरत आली होती. आजूबाजूच्या शेतांत वालाला शेंगा धरल्या होत्या. माझं खाचर मात्र मी मुद्दाम मोकळं ठेवलं होतं.

चिकण मातीत अनवाणी चाललं की पायाला थर चढत जातो. मध्ये थांबून काढला नाही, तर पाय उचलेनासा होतो. आमच्या उतारावरचे किस्से तसेच साचलेत. थोडे काढून ठेवतो.

उतार कडाव गावाच्या पुढे, डोंगराला लागून. एकाखाली एक भाताची खाचरं. सगळ्यात वर धर्मा, त्याच्या खाली मी, मग सुमनवहिनी, तळाला गजानन. धर्मा माझ्याच वयाचा, सत्तरीचा. सुमनवहिनी नवरा गेल्यापासून एकटीने शेती करते. गजानन खोपोलीच्या कारखान्यातून रिटायर होऊन परत आला.

आदल्या श्रावणात धर्माचा बांध फुटला. त्याची सगळी चिकण माती माझ्या खाचरात येऊन बसली. वर नुसता मुरूम उरला. मुरमात पाणी थांबत नाही, आणि पाणी थांबलं नाही तर भात नाही.

आमच्याकडे रीत आहे. पावसाने खाली आणलेली माती खालच्याने पुढच्या पावसाआधी वर पोचवायची. पण धर्माचा गुडघा गेला होता, शेती झेपेना, आणि फार्महाऊसची जागा शोधणारा एक एजंट त्याच्या मागे लागला होता.

"ऱ्हाऊ दे रं नाना," धर्मा म्हणाला. "इकून टाकतो खाचर."

"इक नायतर ठेव. माती तुझी हाय, ती तुला मिळंल."

ट्रॅक्टर वर चढत नाही. मी घमेल्याने सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी गजानन आणि सुमनवहिनी न बोलावता आले. धर्मा वर दगडावर बसून तंबाखू मळायचा. आमच्याकडे पाठ करून!

* * *

धर्मा माती दाताखाली धरून पारखतो. करकरली तर रेताड, लोण्यासारखी लागली तर चिकण. सवयच ती.

त्याच्या मुलासाठी मुलगी बघायला आम्ही खालापूरकडे गेलो होतो. जुनं घर, मातीच्या भिंती. मोठी माणसं मानपानाचं बोलत होती. धर्माने हळूच हात मागे नेला, भिंतीचा पोपडा काढला आणि तोंडात टाकला.

मुलीचा बाप घाबरला. "पाव्हणं, पोहे येतायत हो!"

धर्माने सावकाश चघळलं.

"भिंत बेस हाय," तो म्हणाला. "सोयरीक पक्की."

मुलगी अजून बाहेर आलीच नव्हती!

ती आता त्याच्या घरात सून आहे. सासरा तिच्या माहेरी निघाला की दारापर्यंत येऊन सांगते, "मामंजी, जेवून जावा. माझ्या बापाची भिंत खाऊ नका."

हा किस्सा मी घमेलं खाली ठेवून मोठ्याने सांगितला. धर्माने मान वळवली नाही. खांदे मात्र हलले.

* * *

धर्माच्या खाचरात माती होती तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात तिला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडायच्या. अशाच एका भेगेत गजाननचा मोबाईल पडला, हात पोचणार नाही इतका आत. गजानन पहार घेऊन आला.

धर्मा आडवा आला. "बांधाजवळ खणायचं नाय!"

"अरं, माझा फोन हाय आत!"

"फोन दुसरा मिळंल. बांध कुठनं आणशील?"

तेवढ्यात फोन वाजला. गजाननच्या बायकोचा. रिंगटोनला आरती लावलेली. जमिनीतून आरती ऐकू यायला लागली! पायवाटेने एक म्हातारी चालली होती. ती थांबली, चपला काढल्या, हात जोडले आणि गुपचूप निघून गेली.

शेवटी सुमनवहिनीने बांबूच्या टोकाला ओल्या मातीचा गोळा लावला आणि भेगेत सोडला. फोन चिकटून वर आला. बायको परत परत लावत होती, वाजतच होता. गजाननने उचलला.

"कुठं होता इतका वेळ?" बायको ओरडली.

"शेतात."

सुमनवहिनी बाजूने म्हणाली, "खरं बोलतायत हो भावजी. पार आत होते!"

दुसऱ्या दिवशी त्या भेगेपाशी हळदकुंकू वाहिलेलं आणि नारळ फोडलेला. आम्ही खोबरं खाल्लं आणि कामाला लागलो.

* * *

मुंबईच्या एका साहेबाने पायथ्याला मातीचं घर बांधायला घेतलं. माणूस चांगला. सगळ्यांना चहा स्वतःच्या हाताने द्यायचा. भिंतींचं काम सुमनवहिनीकडे होतं, माती तुडवायला आम्ही.

माती, शेण, पेंढा आणि पाणी एकत्र करून अनवाणी तुडवायचं असतं. गजाननला कारखान्याची सवय. तो चप्पल घालूनच उतरला. एक चप्पल आत गेली. लाज वाटली म्हणून बोलला नाही, आणि एका पायाने लंगडत घरी गेला.

भिंत उभी राहिली. सुकली, आकसली. दाराशेजारी चपलेचा निळा पट्टा बाहेर डोकावला.

सुमनवहिनीने गजाननकडे बघितलं. गजाननने आभाळाकडे बघितलं.

साहेब मात्र खूश! "दृष्ट लागू नये म्हणून घातलीत ना?"

"व्हय," सुमनवहिनी म्हणाली. "आमच्याकडं असंच असतं."

महिन्याने गजानन साहेबाच्या दारात जाऊन उभा. हातात दुसरी चप्पल.

"साहेब, ही पण लावता का? एकटी घरी पडून हाय."

* * *

माती वाहत होतो त्याच दिवसांत एजंट आला. पांढरे बूट, खिशाला गॉगल.

"नाना, कशाला एवढा त्रास? उद्या वर बंगला होणार. जेसीबी येईल, सगळं लेव्हल करील."

सुमनवहिनीने भरलेलं घमेलं त्याच्या हातात दिलं. "धरा जरा, पदर खोचते."

पदर खोचून ती दुसरं घमेलं घेऊन चालायला लागली. एजंटला कळेना ठेवावं कुठे. खाली टाकावं तर बूट खराब होणार. तो तसाच तिच्या मागोमाग चढाला लागला! वर पोचला तेव्हा घामाने निथळत होता.

"धर्मादादा," तो धापा टाकत म्हणाला, "मग काय ठरलं?"

धर्मा पहिल्यांदा आमच्याकडे तोंड करून बसला.

"आधी ते ओत. हितं नको. तिकडं, बांधाच्या कडंला."

एजंटने ओतलं.

"पसरव जरा."

त्याने बुटाने पसरवलं. धर्मा उठला आणि काठीने दाखवायला लागला, कुठे कमी आहे, कुठे जास्त. त्या दिवसापासून तो दगडावर बसला नाही.

* * *

होळी दोन दिवसांवर आली तेव्हा माझं खाचर जुन्या तळाला लागलं. वरचा बांध गजाननने चोपून घट्ट केला होता. सुमनवहिनीने पाणी सोडायचं तोंड दगड लावून बांधून दिलं होतं.

एजंट उत्तर न्यायला आला होता. धर्मा म्हणाला, "खाचर मोकळं होतं तवा तुला सांगितलं होतं, बघू. आता भरलंय. पावसाला लावणी हाय माझी."

एजंट गेला. मी शेवटचं घमेलं ओतलं. धर्मा काठी टेकत चारी बांधांवरून फिरला. खाली वाकून बघितलं, बोटाने दाबून बघितलं.

मग त्याने माझ्या हातातलं घमेलं घेतलं. कोपऱ्यातली माती भरली, काठोकाठ. काठी वरच ठेवली आणि घमेलं डोक्यावर घेऊन तो दुखऱ्या गुडघ्याने उतार उतरायला लागला. गजानन धरायला पुढे झाला.

"सर रं बाजूला."

एकेक पाऊल टाकत तो माझ्या खाचरात आला. मधोमध उभा राहिला.

"तुझी थोडी चुकून वर आली होती," म्हणाला.

घमेलं उपडं केलं, बुडाला चिकटलेली माती हाताने निपटून काढली आणि घमेलं माझ्या हातात दिलं.

"फिटलं."