भागरथाबाईची फिर्याद

दुर्गजवळच्या कोहक्याला आमच्या ओळीत नवीन बिऱ्हाड आलं की नळावर पहिला प्रश्न ठरलेला असायचा: लेकरं किती? नव्या बाईने उलट भागरथाबाईला तो विचारला की ती बादलीवरची नजर न काढता सांगायची, "एकबी नाही. माझ्या नवऱ्यानं मले आजवर हात लावला नाही. तुमची घागर भरली, उचला."

मलाही तिने हेच उत्तर दिलं. मी तेव्हा बावीस वर्षांची, लग्न होऊन नागपूरकडून नुकती आलेली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, बाई डोक्यानं जरा कमी दिसते. ती डोक्यानं मुळीच कमी नव्हती. त्या ओळीत लाज न बाळगता खरं बोलणारी ती एकटीच होती, एवढंच.

पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. कामासाठी आलेली भंडारा-गोंदियाकडची बौद्ध कुटुंबं क्वार्टर मिळेपर्यंत कोहक्यात भाड्याने राहत. भागरथाबाईचा नवरा दौलत कारखान्यात फिटर होता. दारू नाही, शिवी नाही, पगार आणून आईच्या हातात. फक्त रात्रपाळी मागून घ्यायचा. स्वतःची नसली तर दुसऱ्याची. भागरथाबाईने एकदा त्याला समोर बसवून विचारलं होतं. "तो म्हणे, मले त्यातलं काही वाटत नाही, तू खाऊन-पिऊन सुखानं राय. माणूस वाईट नाही वो, वहिनी. पण मी काय खानावळ हाय?"

इकडे सासू तिला वांझोटी म्हणायची. शेजारणी तिच्यासमोरून जाताना कडेवरचं बाळ पदराखाली घ्यायच्या. सहा वर्षं हे चाललं, आणि सगळ्यांना खरं कारण माहीत होतं. तिनेच तर नळावर सांगितलं होतं.

शेवटी तिने समाजाच्या बैठकीत उभं राहून सोडचिठ्ठी मागितली. अध्यक्ष म्हातारे, भले गृहस्थ. ते म्हणाले, "पोरगा पेत नाही, मारत नाही, कमावते. तुले अजून काय पायजे, बाई?"

"तुमच्या घरच्या बाईले जे भेटलं ते."

मागे बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. अध्यक्ष म्हणाले, "भर सभेत असं बोलाची लाज नाही वाटत?"

"भर सभेत विचारलं कोणं?"

मग त्यांनी सांगितलं, की धर्म बदलला तेव्हाच आपण जातपंचायत मोडली, आता सोडचिठ्ठ्या बंद, कायदा आहे, दुर्गच्या कोर्टात जा. भागरथाबाईला हे पटलं. पाच पुरुषांनी पारावर बसून बाईचं ठरवायचं, हे तिलाही नको होतं. मी मॅट्रिक, म्हणून तिने मला बरोबर नेलं.

वकिलांनी हिंदीत अर्ज लिहिला, मी तिला वाचून दाखवला. पती नपुंसक आहे, असं त्यात होतं.

"हे मी कवा सांगतलं?" तिने विचारलं.

वकील म्हणाले, "बाई, पति असमर्थ हो, तभी शादी रद्द होती है. उसका मन नहीं है, इसके लिए कोई धारा नहीं."

"समर्थ हाय का नाही मले काय माहीत? जे मी पायलंच नाही ते लिवून देऊ का? हात लावला नाही, इतकंच लिवा."

वकील वैतागले. शेवटी 'सहा वर्षांत संबंध ठेवला नाही, म्हणून असमर्थ मानावा' एवढ्यावर तिने सही केली.

कोर्टात दौलतच्या वकिलाने तिला विचारलं, नवऱ्याला खूश ठेवायला तुम्ही काय करत होता? शेताच्या बांधासाठी भांडायला आलेली माणसं मागच्या बाकावर बसून हसली. त्यांना कोणी गप्प केलं नाही. भागरथाबाई म्हणाली, "भाकरी टाकून वाट पायत होतो. तुमच्या घरी काय करतात?" हे मात्र कोणी लिहून घेतलं नाही.

दोघांची डॉक्टरी तपासणी झाली. तिचा कागद म्हणाला, बाई अजून कुमारी आहे. त्याचा कागद म्हणाला, पुरुष निरोगी आणि समर्थ आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर चौथीतल्या पोरीलाही सगळं कळलं असतं. कोर्टालाही कळलं. बाईचं म्हणणं खरं दिसतं, असं निकालात लिहिलं आहे. मी स्वतः वाचलं आहे. पण नवरा समर्थ आहे, सबब अर्ज नामंजूर.

सासूने ओळीत पेढे वाटले. पोरगा मर्द असल्याचं सरकारने लिहून दिलं म्हणून. परक्या माणसांपुढे इस्पितळाच्या खाटेवर पाय ताणून पडली भागरथाबाई, आणि पेढे त्याच्या नावाचे. मी घेतला नाही. तिने घेतला, खाल्ला आणि मला म्हणाली, "घ्या न वहिनी. माझ्यामुळंच भेटून राहिले."

त्याच आठवड्यात तिने घर सोडलं. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत एका विधुर पॉइंट्समनकडे स्वयंपाकाला लागली, वर्षभराने त्याच्याबरोबरच राहू लागली, आणि तिला मुलगी झाली. बारसं होत नाही तोच दौलतच्या आईने त्याला दुर्गला नेऊन अर्ज करायला लावला: पत्नी परपुरुषाबरोबर राहते. याला मात्र कलम होतं. पुरावा शोधावा लागला नाही. तो तिच्या कडेवर होता. तीन तारखांत घटस्फोट मंजूर झाला.

हुकमाचा कागद वाचून घ्यायला ती माझ्याकडे आली. 'व्यभिचार' या शब्दापाशी माझा आवाज उतरला.

"मोठ्यानं वाचा," ती म्हणाली. "चोरी नाही केली मी."

मी शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं.

"म्हणजे मी सुटली?"

"सुटलात."

तिने कागद माझ्या हातातून घेऊन त्याची घडी घातली. "सहा वर्षं मले कोणी हात लावला नाही, तवा कोर्टापाशी कलम नव्हतं. एकानं लावला, त लगेच सापडलं."

मी चहा ठेवते म्हटलं. नको म्हणाली, चरोद्याची लोकल चुकली असती. कागदाची घडी पिशवीत टाकून, मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेत ती निघाली.