माईकवर माझं नाव

म्हसावदच्या बाजारपेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दारावर पाटी आहे आणि पाटीवर ठळक लाल अक्षरांत माझं नाव आहे. तरी बाया एकमेकींना सांगतात, "लंगडीकडे टाक, फिटिंग चांगली देस ती." फिटिंग चांगली देते हे खरं. लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला, हेही खरं. पण ब्लाउज पाय शिवत नाही, मी शिवते. मशीनला मोटर बसवूनही आता बरीच वर्षं झाली.

आमच्याकडे ज्याला त्याला काहीतरी चिकटवायची खोडच आहे. कुणी काणा, कुणी बहिरा, कुणी तोतऱ्या. का म्हणून विचारलं तर सांगतात, एका नावाची दहा माणसं, ओळखायचं कसं? आणि आम्ही प्रेमानं म्हणतो. मी हे प्रेम खूप वर्षं ऐकून घेतलं. अहिराणीत आम्ही आईला, बापाला, देवालासुद्धा तूच म्हणतो, त्यामुळे अरे-तुरेचा मला कधी राग आला नाही. तू म्हणा, हक्कानं म्हणा. पण एवढं प्रेम असेल तर नाव घ्यायला काय होतं? एस.टी.त सीटच्या वर 'दिव्यांग' असं लिहिलेलं आहे. कंडक्टर त्याच सीटवरच्या पोराला उठवतो आणि म्हणतो, चल, लंगडीला बसू दे. शब्द पत्र्यावर बदलला, तोंडात जुनाच राहिला.

मग भाचीचं लग्न आलं. भावाची एकुलती एक मुलगी, माझ्या दुकानात कापडाच्या चिंध्यांशी खेळत मोठी झालेली. नवरा तापीकाठच्या प्रकाशा गावचा. आमच्या भागातलं लग्न ज्यानं पाहिलं आहे त्याला माहीत आहे, मुहूर्त टळला तरी चालतो, सत्कार टळत नाहीत. नवरा-नवरी हार धरून ताटकळतात आणि माईकवाला पुढाऱ्यांना एकेक करून स्टेजवर बोलावतो, टोपी-टॉवेल देतो. आमचा माईकवाला तर आमच्याच गल्लीतला, माझ्याबरोबर शाळेत होता. तालुक्यातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांची नावं त्याला तोंडपाठ. कुणाला भाग्यविधाते म्हणतो, कुणाला गोरगरिबांचे कैवारी. हरलेल्या उमेदवारालाही भावी म्हणून उठवतो.

पुढाऱ्यांनंतर नात्यातल्या मानाच्या माणसांची पाळी आली. माईकवाला शुद्ध मराठीत, आवाज चढवून म्हणाला, "आता नवरीची लंगडी आत्या. त्यांनी साडीचा मान घेण्यासाठी स्टेजवर यावं."

मांडवात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं, निदान काही वावगं झालं हे कळलं असतं. वऱ्हाडातल्या बाया माना वळवून नवरीची ती आत्या कोणती ते शोधायला लागल्या. तेव्हा माझ्या डोक्यात सणक गेली. म्हसावदनं जन्मभर हे ऐकवलं, आता प्रकाशालाही आजच पाठ होणार होतं. भाचीच्या सासरी मी कधी गेले की दारातूनच कुणीतरी आत ओरडणार, लंगडी आत्या आली. मी खुर्चीत बसून राहिले.

त्यानं पुन्हा पुकारलं, तेच शब्द. मी हलले नाही. गर्दीतून वाट काढत भाऊ आला, वाकून हळूच म्हणाला, "ऊठ ना बहिन, लोकं दखी ऱ्हायनात. पोरनं लगन शे."

"मन्हं नाव लेवाले सांग त्याले," मी म्हटलं. "मंग उठसू."

भावानं कपाळाला हात लावला. आज नको, उद्या त्याच्याशी पाहिजे तेवढं भांड, मुहूर्त निघून जाईल, असं म्हणाला. मी म्हटलं, हरलेल्या उमेदवारासाठी थांबला होता मुहूर्त, माझ्यासाठीही थांबेल. तो रागावला. वहिनी लांबून डोळे वटारत होती. मला लाज वाटत नव्हती, भीतीही नाही, नुसता संताप येत होता आणि तो बरा वाटत होता.

भाऊ स्टेजकडे गेला आणि माईकवाल्याच्या कानाला लागला. माईकवाल्यानं त्याला काहीतरी विचारलं. माईक चालूच होता, त्यामुळे ते सगळ्या मांडवाला ऐकू आलं.

"पण तिनं नाव काय शे?"

एका गल्लीत वाढलेलो आम्ही. माझ्या पाटीखालून तो रोज जातो. त्याच्या बायकोचे ब्लाउज मी शिवते. त्याच्या मनात माझ्याबद्दल वाईट काही नव्हतं, हे मी मान्य करते. पण त्याच्या लेखी मला नावच नव्हतं. दुसरा शब्द इतका वापरला की पहिला कुणी सांभाळलाच नाही.

भाऊ उत्तर देणार तोच भाचीनं हातातला हार नवऱ्याच्या हातात दिला आणि माईक ओढून घेतला. तिनं माझं नाव घेतलं, पूर्ण, आडनावासकट. मग म्हणाली, "मन्ही आत्या शे. मन्हा ब्लाउज तिनीच शिवा."

मी उठले. मुद्दाम मधल्या वाटेनं गेले, माझ्या नेहमीच्या चालीनं, पाय जसा पडतो तसा पाडत. घाई केली नाही. ज्याला चाल पाहायची त्यानं ती नावासकट पाहावी, असं मनात होतं. साडी घेतली, भाचीच्या डोक्यावर हात ठेवला. माईकवाला माझ्याकडे पाहत नव्हता, तरी मी त्याला म्हटलं की पाटी वाचत जा.

भाऊ पुढे बरेच दिवस धड बोलत नव्हता. एवढ्याशा गोष्टीसाठी लग्न अडवलं, हे घरचे अजून ऐकवतात. ऐकवू देत. गोष्ट एवढीशी होती तर त्यांनीच आधी का नाही केली?

ते नाव मी इथे लिहिणार नाही. ज्याला हवं असेल त्यानं म्हसावदला यावं, बाजारपेठेत कुणालाही विचारावं. आता सांगतात.