न विचारलेली ॲलर्जी

सॉफ्टवेअर कंपनीच्या त्या ऑफिसात तिला सगळे मिरची म्हणत. नाव कोणी पाडलं कोण जाणे, पण त्या दिवशी ते साहेबांना चांगलंच झोंबलं.

हॉस्पिटलच्या डेटाबेसला जोडलेलं एक एक्स्टेंशन, म्हणजे छोटासा जोडप्रोग्रॅम, तिनं लिहिला होता. वॉर्डातल्या सिस्टरच्या पडद्यावर पेशंटची माहिती जाण्याआधी तो प्रत्येक रकाना तपासायचा: हा कोरा येऊ शकतो का? कोरा आला तर 'माहीत नाही' असं दाखवायचं. ती रजेवर गेली आणि साहेबांनी ही तपासणी उडवून टाकली. म्हणे, पडदा हळू उघडतो, आणि ॲलर्जीच्या तक्त्यात हा रकाना मुळी कोरा ठेवताच येत नाही, मग हा उपद्व्याप कशाला?

तक्त्यात नाही ठेवता येत, कबूल. पण पेशंटच्या यादीला तोच तक्ता जोडला, की ज्याच्या ॲलर्जीची नोंदच झालेली नाही त्याच्यासमोर कोरं येणारच. एवढी साधी गोष्ट या माणसाच्या डोक्यात शिरू नये? पुढचा कोड कोऱ्याला मुकाट्यानं शून्य धरत होता. ज्याला कुणी काही विचारलंच नाही, त्याच्या नावापुढे 'ॲलर्जी: ०' झळकत होतं.

रजेवरून परतल्या सकाळी तिनं हे पाहिलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब मात्र थंड. दुरुस्ती उद्याच्या अपडेटमध्ये जाईल, म्हणाले, उगाच बोभाटा नको, हॉस्पिटलवाले बिथरतील.

"आणि आज ज्यांना इंजेक्शन देतील ते?"

साहेब चष्मा पुसत बसले. तिनं त्यांच्याच टेबलावरचा फोन ओढला आणि एकेका वॉर्डाला लावत सुटली. ठेव तो फोन, असं ते दोनदा म्हणाले. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

एका वॉर्डातल्या सिस्टरनं सगळं ऐकून घेतलं.

"सकाळी एकानं हात मागे घेतला होता," ती म्हणाली. "हे औषध मला चालत नाही म्हणत होता. मी पडद्यावर बघितलं, शून्य. त्यालाच दटावलं."

"कसा आहे तो?"

"आयसीयूत. डॉक्टर मलाच विचारताहेत, असं कसं झालं म्हणून."

मिरचीनं फोन स्पीकरवर टाकला आणि साहेबांपुढे सरकवला.

"सिस्टर, आमचे साहेब इथेच आहेत. तेच सांगतील."