टर्बोखाली बसवलेलं जुनं गॅस्केट

परळच्या आमच्या गॅरेजात एका गाडीच्या टर्बोखाली वापरलेलं, जळकं गॅस्केट बसलं, ते माझ्या हातांनी बसलं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भागीदाराला नाही, ज्यांच्या गाडीत बसवलं त्यांना तर नाहीच. मी हल्ली कमी बोलतो. लोक त्याला शांत स्वभाव म्हणतात. ते ऐकलं की मी विषय बदलतो.

गॅरेज दोघांचं होतं. भागीदार माझा शाळेपासूनचा मित्र, लालबागच्या एकाच चाळीत वाढलेलो आम्ही. इंजिन खोलणं-जोडणं त्याच्याकडे, सामान निवडून आणणं माझ्याकडे. माझी नजर चांगली होती, आणि ती चांगली आहे हे मी कोणाला विसरू देत नसे. गॅस्केटच्या बाबतीत तर अख्खी गल्ली मला विचारायची.

गॅस्केट म्हणजे दोन धातूंच्या भागांमध्ये बसणारा पातळ पत्रा. जोडातून काही सुटू नये, एवढंच त्याचं काम. पण टर्बोच्या गाडीत एक्झॉस्टचा जोड म्हणजे भट्टीचं तोंड. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू टर्बोचं, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याचं, चाक फिरवतो आणि तिथलं लोखंड लाल होईपर्यंत तापतं. साध्या गाडीला चालणारं पुठ्ठ्यासारखं गॅस्केट तिथे भाजून भुगा होतं. तिथे हवं स्टीलच्या पातळ थरांचं, भोकाभोवती बोटाला जाणवेल अशी उठलेली कड असलेलं. नट आवळले की ती कड दबते आणि जोड बंद होतो. दबते ती एकदाच. एकदा काढलेलं गॅस्केट परत लावायचं नाही, हे मी किती जणांना शिकवलंय!

ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या गल्लीत मी दुकानदाराला पाकीट फोडायला लावायचो. कडेवरून अंगठा फिरवायचो, जुना नमुना वर ठेवून भोकं जुळवायचो, उजेडात धरून पत्रा सरळ आहे का बघायचो. दुकानदार वैतागायचा. "काका, पोरगी बघायला आलाय काय?" मी म्हणायचो, "पोरगी तरी परत बोलेल, हे फुटल्यावरच बोलतं." सगळे हसायचे. मला ते हसणं आवडायचं.

आणि कोणी जुनं गॅस्केट घासून, सिलिकॉनची पेस्ट फासून परत बसवताना दिसला की मी त्याची चारचौघांत काढायचो. "सिलिकॉन बाथरूमला लाव रे. टर्बोला लावलंस तर दोन चढांत राख होईल. मग गाडीतल्या माणसांनी काय हुंगायचं?" हे माझेच शब्द. म्हणजे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायलाही जागा नाही.

गणपतीच्या आधीचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्या भागात निम्मी वस्ती गावी निघते आणि प्रत्येकाला गाडी आजच हवी असते. शेजारच्या चाळीतल्या एका मुलाने जुनी टर्बो पेट्रोल गाडी घेतली होती. सकाळी चालू केली की टिकटिक आवाज, तापली की आवाज बंद. बॉनेट उघडलं तर टर्बोच्या जोडाभोवती काजळी. गॅस्केट गेलं होतं. तो बायकोला आणि आईला घेऊन रत्नागिरीकडे निघणार होता. त्याच्या आईला आम्ही लहानपणापासून मावशी म्हणायचो.

नवं गॅस्केट मी निवडून आणलं. उत्तम होतं. दुपारी मंडळाची मूर्ती येणार म्हणून भागीदार निघाला. जाताना म्हणाला, "जोड साफ करून ठेव. बसवायला मी येतोच."

मी थांबलो नाही. जोड साफ केला, नवं गॅस्केट चढवायला घेतलं. एक स्टड, म्हणजे जोडातला उभा बोल्ट, किंचित वाकडा होता, तिथे ते अडकलं. काढून स्टड बदलायचा, हे पोरालाही कळतं. मी जोर लावला. गॅस्केट मधोमध दुमडलं आणि ती उठलेली कड मोडली.

दुसरं आणता आलं असतं. रस्त्यावर ढोल-ताशे होते, गर्दी होती, पण चालत जाऊन आणता आलं असतं. गेलो नाही, कारण त्या दुकानदाराला सांगायला लागलं असतं की तुझ्याकडे अर्धा तास घासाघीस करून निवडलेला पत्रा मी माझ्याच हाताने वाकवला. आणि भागीदार हसला असता. वर्षभर हसला असता, चहाच्या टपरीवर नक्कल करून दाखवली असती. ते हसणं मला नको होतं. एवढ्यासाठी. पैशासाठी केलं असतं तर निदान लोभी तरी म्हणवून घेतलं असतं.

त्याच गाडीतून काढून ट्रेमध्ये ठेवलेलं जुनं उचललं. त्यावरची काजळी घासली, सिलिकॉन फासलं, बसवलं, टर्बो चढवून नट हाताने लावले. वाकलेलं नवं कचऱ्याच्या पिंपात खाली दाबलं. आमच्याकडे गिऱ्हाइकाला काढलेला जुना पार्ट हातात द्यायची पद्धत, म्हणजे बदलल्याची खात्री पटते. म्हणून भंगारातून दुसऱ्याच गाडीचं एक जळकं गॅस्केट शोधलं आणि नव्याच्या रिकाम्या पाकिटात घातलं. हे सगळं नीट, सफाईने केलं. हात पुसून चहा प्यायलो.

भागीदार घामाने भिजून आला. "अरे मेल्या, बसवलंस पण? थांबला असतास की." त्याने मधल्या नटापासून बाहेर जात एकेक नट क्रमाने आवळला, गाडी फिरवून आणली. आवाज नाही, वास नाही. सिलिकॉनने तेवढा वेळ जोड धरला होता.

आमच्या गॅरेजात एक नियम होता, त्यानेच घातलेला. गाडीची चावी जो गिऱ्हाइकाच्या हातात देईल, तो त्या कामाला जबाबदार. मग आत कोणी काहीही केलेलं असो. चावी त्याने दिली, आणि ते पाकीटही. मुलाने विचारलं, "दादा, बिनधास्त ना?"

"माझ्या हातचं काम आहे. मावशीला झोपवून घेऊन जा."

मुंबई-गोवा रस्त्यावर वडखळच्या आधी वाहतूक तुंबली होती. खिडक्या बंद, एसी चालू, गाडी जागेवर उभी. सिलिकॉन जळून गेलं, जोडातून सुटलेला विषारी वायू बॉनेटखाली साचला आणि एसीच्या जाळीतून आत यायला लागला. आधी डोकं जड झालं. गाडी लागली असेल म्हणून मावशीने सगळ्यांना आवळा सुपारी दिली. मग सून ओकली. मग मावशी मान टाकून बसली ती हाक मारली तरी बोलेना. बाजूच्या गाडीतल्या लोकांनी दारं उघडून तिघांना बाहेर काढलं. इस्पितळात ऑक्सिजन लावला. तिघेही वाचले. पण मावशी त्यानंतर बंद गाडीत बसलेली नाही, आणि बसने एवढा प्रवास तिला झेपत नाही, त्यामुळे गावीही गेलेली नाही.

गणपती झाल्यावर मुलगा गाडी घेऊनच आला. मागच्या सीटमधून आंबट वास येत होता, वर स्वस्त अत्तर मारलेलं. त्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत ते गॅस्केट होतं, तिकडच्या मेकॅनिकने काढलेलं, कडेला सिलिकॉनची पांढरी राख.

"दादा, हे नवीन?" तो भागीदाराला म्हणाला. "तिकडचा माणूस म्हणाला, जुनंच घासून लावलंय. माझी आई मेली असती."

भागीदाराने पिशवी घेतली, गॅस्केट उलटसुलट केलं. मग माझ्याकडे बघितलं. आरोप नव्हता त्या बघण्यात. तो उत्तराची वाट बघत होता, एवढंच.

मी हात पुसत होतो. म्हणालो, "चावी कोणी दिली?"

तीन शब्द. खोटा एकही नाही. त्याची मला सगळ्यात जास्त किळस येते.

त्याने गॅस्केट पिशवीत परत घातलं. त्याचाच नियम होता. मुलाला म्हणाला, "चूक माझी. मावशीच्या पाया पडायला येतो." मुलगा म्हणाला, "येऊ नका."

आत आल्यावर त्याने मला विचारलं, "नवीन आणलं होतंस ना रे?"

"आणलं होतं. निवडून झाल्यावर पाकीट बांधताना दुकानदाराने जुनं घासून, सिलिकॉन फासून भरलं असणार."

"आणि मी डोळे मिटून आवळलं," तो म्हणाला. त्याने विश्वास ठेवला. माझ्या नजरेवर सगळी गल्ली विश्वास ठेवायची, तो तर मित्रच.

पुढे लोक गाडी द्यायला आले की हळूच म्हणायचे, "तुम्ही स्वतः करा हं, ते नकोत." मी मान हलवायचो. एकदाही म्हणालो नाही की ते काम माझं होतं. काही महिने त्याने ऐकलं, मग एका सकाळी हत्यारांची पेटी माझ्याकडे ठेवून तो निघून गेला. आता लोअर परळच्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये सुपरवायझर आहे. दिवसभर तळघरात उभा राहून दुसऱ्यांच्या गाड्या मागे-पुढे घ्यायला सांगतो. त्याला आता खोकला आहे.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. जावयाने टर्बोची गाडी घेतली होती, सकाळी टिकटिक आवाज. "गॅस्केट तू निवड," तो म्हणाला. "माझा माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही. तुझ्यावर आहे."

मी ऑपेरा हाऊसला गेलो. पाकीट फोडून घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला, भोकं जुळवली. चांगलं निवडलं. जावई गाडी घेऊन आला, मी स्वतः बसवलं, नट आवळले, गाडी तापवून गार झाल्यावर परत एकदा तपासले. भागीदार बाजूच्या स्टुलावर बसून बघत होता. म्हणाला, "तुझं काम बघायला बरं वाटतं रे."

तेव्हा बोलता आलं असतं. गॅरेजात आम्ही तिघेच होतो. मी जावयाला चावी दिली, आणि भागीदाराला विचारलं, चहा घेणार का. तो हो म्हणाला. मला त्याच्यासमोर बसून तो चहा पिववेना. बेसिनमध्ये ओतला आणि हात धुतले, साबण लावून दोनदा.

हे लिहून माझी सुटका होत नाही, ते मला कळतं. लिहिणं सोपं आहे, इथे कोणी समोरून बघत नाही. त्या मुलाच्या घरी जाऊन, मावशीसमोर आणि भागीदाराला शेजारी उभं करून, ते जुनं गॅस्केट मी बसवलं होतं आणि याला त्यातलं काहीही माहीत नव्हतं, हे मला माझ्या तोंडाने सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.