इंटरनेटवरची दवंडी

सर्च इंजिन म्हणजे काय, हे मी शाळेत नेहमी दोन भागांत समजावून सांगत असे. आरंभी इंटरनेटवरच्या पानांच्या याद्या माणसे हाताने करीत. शेती, आरोग्य, शिक्षण अशा विषयवार. पाने वाढत गेली तशी ती पद्धत अपुरी पडली. मग असे प्रोग्राम आले, जे एका पानावरून दुसऱ्या पानावर जात आणि तिथले शब्द टिपून ठेवीत. आपण काही शोधतो तेव्हा यंत्र बाहेर कुठेही जात नाही. आधी टिपून ठेवलेल्या साठ्यातच पाहते. हा दुसरा भाग मुलांना लगेच कळे. अड्याळच्या माझ्या शेजाऱ्याला मात्र तो पटवून देणे मला जमले नाही.

शेजारी धानाची शेती करणारा. त्याचा धाकटा भाऊ नाकाडोंगरीकडे खाणीत कामाला होता. सुटीत घरी आला असताना धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, दोघांची बोलाचाली झाली आणि तो उठून निघून गेला. खाणीवरही पोहोचला नाही. पोलिसांत कळवून झाले, नातेवाइकांकडे विचारून झाले.

रविवारी मी भंडाऱ्याच्या सायबर कॅफेत जातो, हे शेजाऱ्याला ठाऊक होते. एकदा तो सोबत आला. मी भावाचे नाव टाकले. भलत्याच माणसांची पाने निघाली. काही मिळाले नाही, असे मी त्याला सांगितले. त्याने शांतपणे मान हलवली आणि परतताना बसस्टँडवर मलाच चहा पाजला. त्या शांतपणाचे मला नवल वाटले होते.

पुढच्या आठवड्यात तो फाटकाशी उभा.

"गुरुजी, जवाब आला का जी?"

तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडे बैल हरवला की कोतवाल चौकाचौकांत दवंडी देई, शेजारच्या गावांतही निरोप जाई आणि धनी दोन-चार दिवस वाट पाही. ज्याने पाहिले असेल तो येऊन सांगे. मी नाव टाकले म्हणजे यंत्राने गावोगाव दवंडी दिली, अशी त्याची समजूत झाली होती. मी अंगणातल्या मातीत चौकोन आखून सारे समजावले. त्याने त्या चौकोनावर बोट ठेवले.

"मंग आपली दवंडी त्याच साठ्यात टाकून देऊ न."

तो चुकत नव्हता. त्या काळी एक कंपनी फुकट पाने बनवू देई. मी तसे पान केले. त्यावर भावाचे नाव, गाव, उंची, कपाळावरची खूण लिहिली आणि शेजाऱ्याने दिलेला फोटो स्कॅन करून लावला. नव्या पानाचा पत्ता सर्च इंजिनला कळवण्याची सोय होती, तीही वापरली. त्या इंजिनचा प्रोग्राम आमच्या पानापर्यंत कधी येईल, हे मात्र कोणालाच सांगता येत नसे. कित्येक रविवार आम्ही दोघे रिकाम्या हाताने परतलो.

मग एका रविवारी ते नाव सर्वांत वर आले. काय आले आहे ते मी ओळखले. सांगणार, तोवर शेजाऱ्याने खुर्ची पुढे ओढली होती. फोटो एकेक ओळ खाली उतरत होता. आधी केस, मग कपाळ, खूण, डोळे. शेजारी खुर्चीवरून उठला. मग खांद्यामागे त्यांच्या बहिणीच्या लग्नाचा मांडव दिसू लागला.

"हा तं आमच्या घरचाच मांडव होय," तो हळूच म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "म्हंजे आपलीच दवंडी आपल्याले आयकू आली."

मी होकार दिला. शिक्षकाला यापेक्षा अधिक काही सांगता यायला हवे होते.  अड्याळला बसमधून उतरताना त्याने एवढेच विचारले, पुढच्या इतवारी जाचं न? मी हो म्हणालो.

पुढे ती फुकट पाने देणारी कंपनी बंद पडली आणि आमचे पानही गेले. आता माझ्या मोबाइलवर नाव पुरते लिहून होण्याआधीच यंत्र सुचवू लागते. मी अधूनमधून ते नाव टाकतो. त्या नावाचे पुष्कळ लोक येतात, हसरे, नीटनेटके. शेजारी कुंपणापलीकडून बघत असतो. हल्ली तो विचारत नाही, फक्त भुवया उंचावतो, आणि मी नकारार्थी मान हलवतो.