नव्या पुंगळ्यांची तोंडं

सौदीतल्या बुरैदा शहरात एका नेमबाजी क्लबात मी रायफलीच्या काडतुसांसाठी पितळी पुंगळ्या तयार करायचो. नव्या पुंगळ्या पिशवीत सुट्ट्या येतात, वाटेत एकमेकींवर आपटतात आणि त्यांची तोंडं चेपतात. नवखा माणूस हमखास म्हणतो, माल खराब आला, परत पाठवा. खराब काहीच नसतं. तोंडाला आतून तेलाचा ब्रश लावायचा, पुंगळी प्रेसमध्ये बसवायची आणि हँडल हलकेच दाबायचं. वरची गुळगुळीत खुंटी तोंडात शिरते आणि पोचा निघतो. जास्त जोर लावला तर पुंगळीची मान मोडते. शेवटी काठावर आतून-बाहेरून पातं फिरवून धार मोडायची. सगळं हाताच्या अंदाजाचं काम, आणि तो अंदाज क्लबात फक्त मला होता. याचा मला माज होता म्हटलं तरी चालेल.

मग सौदीकरण आलं आणि माझी जागा स्थानिकांसाठी राखीव झाली. क्लबाचा मालक हाच माझा कफील, म्हणजे माझ्या व्हिसाचा जामीनदार. त्याने मला रत्नागिरीला परत धाडलं नाही. इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, माझा हुद्दा बदलून सफाई कामगार केला आणि माझ्या खुर्चीवर एक सौदी आणून बसवला.

"याला शिकव," कफील म्हणाला. "कामगार खात्याची तपासणी आली की झाडू हातात घे. एरवी तू आहेसच."

हा सौदी चाळिशीचा, खजुराच्या बाजारात वाढलेला, दोन मुलींचा बाप. तो आळशी निघावा अशी मी मनापासून दुआ मागितली. कबूल झाली नाही. माणूस वेळेवर यायचा, मला मुअल्लिम म्हणजे उस्ताद म्हणायचा आणि घरून माझ्यासाठी कहवा आणायचा. राग धरायला जागाच ठेवायचा नाही, म्हणून मला त्याचा जास्तच राग यायचा.

त्यात त्याचा हात. खजूर चाचपण्यात जन्म गेलेला, त्यामुळे किती दाबायचं हे त्याला सांगावंच लागलं नाही. पोचा फार असला तर पुंगळी अर्धी फिरवून पुन्हा हलकेच दाबायची, ही युक्ती त्याने स्वतःच काढली. मी म्हटलं, काही गरज नाही. तो घरी गेल्यावर मी तसं करून पाहिलं. तोंड माझ्यापेक्षा गोल आलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "शिकू दे की त्याला. तुमचा काय जाताय?"

मी पैसे पोचले का ते विचारलं आणि फोन ठेवला.

एका सकाळी तपासनीस आला. मी झाडू उचलला. तपासनिसाला नेमबाजीचा नाद असावा. त्याने पिशवीतली सगळ्यात चेपलेली पुंगळी काढली आणि खुर्चीतल्या माणसापुढे ठेवली. "ही तर टाकाऊ दिसते."

"नाही," तो म्हणाला आणि कामाला लागला.

मी झाडता झाडता बघत होतो. मान मोडू दे, एवढीच माझी इच्छा होती. तो चुकला असता तर खरं काम कोण करतं हे लगेच कळलं असतं आणि पहिल्या विमानात मीच बसलो असतो. हे ठाऊक असूनही मी तेच मागत होतो. मत्सरात माणसाला स्वतःचं भलंही नको होतं.

मान मोडली नाही. तपासनिसाने विचारलं, "कोणी शिकवलं?"

त्याने पुंगळीचा काठ पुसला. "माझं मीच शिकलो."

माझं नाव येऊ नये म्हणून, माझ्यासाठीच खोटं बोलला. मला कळत होतं, तरी अंगाचा तिळपापड झाला.

जाता जाता तपासनीस माझ्याकडे वळला. "सदीक, दोस्ता, तुला येतं का हे काम?"

कफील जमिनीकडे बघत होता. खुर्चीतला तो माझ्याकडे बघत होता. 'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"माफी मालूम," मी मजुरांच्या तोडक्या अरबीत म्हणालो. मला माहीत नाही.

तपासनीस हसला. ती पुंगळी त्याने माझ्या हातावर ठेवली. "बघत जा त्याच्याकडे. शिकशील."

कुठे खोट सापडते का, म्हणून मी तिच्या काठावरून अंगठा फिरवला. सापडली नाही.