उडत्या सरड्यासाठी घातलेलं गाऱ्हाणं

“गाइड मुकी आहे का हो?”

मागच्या सीटवरच्या लेलेकाकूंनी नवऱ्याला हळूच विचारलं. पण जीपला काचा नव्हत्या आणि मला कान होते.

गाइड मी होते.

मी मुकी नाही. मनात तर मी सारखीच बोलत असते. फक्त ते तोंडापर्यंत यायला वेळ लागतो, आणि तोवर विषय बदललेला असतो. शाळेत टीचर हजेरी घ्यायच्या तेव्हा माझं ‘प्रेझेंट’ ओठांवर येईपर्यंत त्या माझ्यापुढच्या चार मुलींवर पोचलेल्या असायच्या. पाचवीत मी एकही दिवस घरी राहिले नाही, तरी कागदोपत्री अर्धं वर्ष गैरहजर होते! (शेवटी आई शाळेत जाऊन “ती असते हो वर्गात, जरा नीट बघत चला” असं सांगून आली.)

अशा मुलीने सहलींच्या ऑफिसात नोकरी का धरावी? तर तिथे मला टेबलामागे बसून इंग्रजीत पत्रकं लिहायची होती. डिचोली तालुक्यातल्या एका कुळागरात, म्हणजे पोफळी, नारळ आणि मिरवेलींच्या दाट बागेत, आम्ही पाहुण्यांना अर्ध्या दिवसाची सहल घडवतो. ‘इथले अनोखे प्राणी तुमची वाट पाहत आहेत’ हे पत्रकातलं वाक्य माझं. (प्राण्यांना विचारलेलं नव्हतं.) मनातून मला गाइडच व्हायचं होतं. पण हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.

आणि एका शुक्रवारी आमच्या नेहमीच्या गाइडला, बेचाळिसाव्या वर्षी, कांजिण्या आल्या.

“रविवारची ट्रिप तू ने,” सर म्हणाले. “यादीत पाच प्राणी आहेत. शेकरू, चापडा साप, झाडावरचा बेडूक, ॲटलास पतंग आणि उडता सरडा. पाचातले तीन दाखव. प्रत्येकावर दोन वाक्यं बोल. किती झाली?”

मी बोटं दाखवली.

“तोंडाने!”

“सहा,” मी म्हटलं.

“हां. सहा वाक्यं बोललीस तर सीझनभर गाइड. नाही जमलं तर…” एवढं म्हणून सरांनी माझ्या टेबलाकडे असं बघितलं, की तिथे आता कुंडी ठेवली तर कशी दिसेल! पत्रकं हल्ली त्यांचा फोनच लिहून देत होता. इकडे घरी आईने बँकेच्या परीक्षेचा फॉर्म माझा फोटो चिकटवून तयार ठेवला होता. त्या फोटोतसुद्धा मी काहीतरी सांगायचं राहिल्यासारखी दिसते.

शनिवारी संध्याकाळी चार पाहुण्यांतले दोघे गळाले. आणि चार माणसं असल्याशिवाय आमची जीप निघत नाही.

“मग आम्ही येतो की!” आई म्हणाली. आम्ही म्हणजे ती आणि बाबांचे थोरले भाऊ, आबाकाका. काका त्याच दिवशी धारगळहून आमच्याकडे साखळीला आले होते. पेडणे तालुक्यात काकांचा आवाज प्रसिद्ध आहे. गावात जत्रेत माइक बिघडला की दुरुस्तीवाल्याच्या आधी काकांना बोलावतात.

मी अट घातली. पाहुण्यांसमोर मला ओळखायचं नाही. मी गाइड, तुम्ही गिऱ्हाईक.

“तेच्यात काय कठीण?” काका म्हणाले. “तू तशीपण आमच्याशी बोलणस नाय.”

तर आता जीपमध्ये मी पुढे, आणि मागे पुण्याचे लेलेकाका-काकू, आई आणि आबाकाका. झाडीत लपून राहता यावं म्हणून आई गर्द पोपटी साडी नेसली होती. तिला जरीचे काठ होते. लेलेकाकांच्या मांडीवर दुधी भोपळ्याएवढी लेन्स होती. ते फक्त उडत्या सरड्यासाठी आले होते, हे त्यांनी मला फोनवर दोनदा आणि जीपमध्ये चढताना एकदा सांगितलं होतं.

“गाइडबाई,” आईने डबा पुढे केला, “उंडे पाव आणि पातळभाजी आहे. तुम्ही सकाळी नुसता चहा प्यालात.”

“तुम्हाला कसं कळलं?” लेलेकाकूंनी विचारलं.

आई क्षणभर गडबडली. “तोंडावरून दिसतं हो. अशी मुलं पाव बुडवतात आणि तसाच ठेवून जातात.”

मी रस्त्याकडे बघत पाठ केलेली सहा वाक्यं मोजली. सहाच होती. घाम मात्र मोजता येत नव्हता.

कुळागराच्या तोंडाशी आम्ही उतरलो. पाहुण्यांना सूचना द्यायच्या होत्या, त्या मी कागदावर लिहून आणल्या होत्या. तो कागद मी लेलेकाकूंच्या हातात दिला. त्यांनी नवऱ्याकडे बघून ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ अशी मान हलवली. कागदावर पहिली सूचना होती, अजिबात आवाज करू नये.

आणि नेमकं समोरच्या फणसावर शेकरू! तांबूस पाठ, पिवळट पोट, झुपकेदार शेपूट खाली सोडलेली. सहल सुरू व्हायच्या आधीच पाचातला एक! लेलेकाकांनी श्वास रोखून लेन्स वर केली. माझी दोन वाक्यं चक्क तोंडात येऊन उभी राहिली.

तेवढ्यात मला दिसलं, की आबाकाका चपला काढतायत.

वाटेच्या कडेला झाडाखाली एक दगड होता. त्यावर जास्वंदीचं फूल, पुढे विझलेली पणती. राखणदार! त्या जागेची राखण करणारा देव. आमच्या काकांनी आजवर राखणदाराला गाऱ्हाणं घातल्याशिवाय परक्या बागेत पाऊल टाकलेलं नाही. नवी मोटरसायकल असो, नातवाची दहावी असो, काका हात जोडून देवाला सगळं खड्या आवाजात सांगतात, आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. हे मी कशी विसरले?

“काका, नको,” मी पुटपुटले. (सहलीतलं माझं पहिलं वाक्य. सहात धरण्यासारखं नव्हतं.)

“बाऽऽ देवा म्हाराजाऽऽ!”

शेकरू फणसावरून जे उडालं ते मधली तीन झाडं सोडून चौथ्यावर आणि तिथून बहुधा सत्तरी तालुक्यात! बुलबुल उडाले, कुत्री भुंकली, जीपमध्ये डुलकी घेणाऱ्या ड्रायव्हरने दचकून हॉर्न वाजवला.

“व्हय म्हाराजा!” सवयीने आई.

“अहोऽ!” लेलेकाका.

आणि मी, जिने वडीलधाऱ्यांपुढे कधी मान वर केली नाही, ती काकांवर ओरडले, “श्शूऽऽ!”

काकांचे जोडलेले हात तसेच राहिले. आईचा चेहरा उतरला.

“गाऱ्हाणं अर्ध्यावर तोडलंस?” ती म्हणाली. मग लेलेकाकूंकडे बघून सावरली, “तोडलंत? गाइडबाई?”

“माका काय!” काकांनी चपला पायांत सरकवल्या. “पण आता तुमका हंय मुंगीसुद्धा दिसाची नाय.”

काका चुकले. मुंग्या दिसल्या. तांबड्या, चावऱ्या आणि भरपूर. लेलेकाकांनी ज्या फांदीला कॅमेऱ्याची तिपाई टेकवली, तिच्यावरच त्यांचं घरटं होतं. पुढची दहा मिनिटं लेलेकाकांनी एका पायावर जे काही केलं, ते कुठल्याही अनोख्या प्राण्यापेक्षा कमी नव्हतं. “झटका, झटका!” लेलेकाकू ओरडत होत्या. आईने पर्समधून खोबरेल तेल काढलं. (आईच्या पर्समध्ये काय नसतं हे एकदा बघायचं आहे.)

मग चापडा. हिरवागार साप आठवडाभर एकाच मिरवेलीवर बसलेला होता, जागचा हलत नव्हता. मी सगळ्यांना तिथे नेलं आणि बोट दाखवलं. वेलीआड हिरवं वेटोळं! लेलेकाका गुडघ्यांवर बसून फोटो काढू लागले. तिसऱ्या फोटोला मला कळलं, की ती बागेला पाणी सोडायची पाइप आहे.

पण ते सांगायचं कसं? वाक्य कुठून सुरू करायचं? ‘माफ करा’पासून की ‘पाइप’पासून? मी जुळवाजुळव करत राहिले आणि लेलेकाका फोटो काढत राहिले. वरून काढले, खालून काढले. अकराव्या फोटोला ते कुजबुजले, “किती शांत आहे! डोळा दिसत नाही पण.”

“दिसणार कसा?” आई म्हणाली. “ती पाइप आहे.”

पतंगाचा एक पंख मिळाला, तोही मुंग्या ओढून नेत होत्या. बेडकाचा नुसता आवाज आला. एक कोंबडी दिसली. लेलेकाकूंनी तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, “ही यादीत आहे का?”

साडेदहा वाजले. पाचातले शून्य प्राणी (पळालेलं शेकरू लेलेकाका धरायला तयार नव्हते), सहातली शून्य वाक्यं. उरली फक्त पोफळींची शेवटची रांग. उडता सरडा दिसला तर तिथेच दिसतो, पण खोडाच्या रंगाचा असल्यामुळे दिसूनही दिसत नाही. वीस मिनिटं आम्ही खोडं बघितली. प्रत्येक खोडावर मला माझ्या टेबलावरची कुंडी दिसत होती.

लेलेकाकांनी लेन्सला झाकण लावलं. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

“तुमच्या सरांना फोन लावतो.” त्यांनी लावला. रेंज नव्हती. “हरकत नाही. वर रस्त्यावर गेल्यावर लावतो.”

आईने माझ्याकडे बघितलं. फॉर्म भरलेला आहे हो, असं ते बघणं होतं.

तेव्हा लेलेकाकूच म्हणाल्या, “त्या काकांचं मघाचं अर्धं राहिलंय ना? ते तरी पूर्ण होऊ द्या. इतक्या लांब आलो, काहीतरी बघून जाऊ!”

काकांनी माझ्याकडे बघितलं. “गाइडबाईंचो हुकूम होवक व्हयो.”

मी मान हलवली. (ते मला उत्तम जमतं.)

“सगळ्यांनी हात जोडा. डोळे मिटा. डोळे मिटल्याबिगर पोचणा नाय.” लेलेकाकांनीही, मुंग्या चावलेला पाय खाजवून, डोळे मिटले. मी फक्त उघडे ठेवले. गाइडने लक्ष ठेवायचं असतं, असं मीच पत्रकात लिहिलं आहे.

“बाऽऽ देवा म्हाराजाऽऽ! बारा वाटांच्या राखणदारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आई.

“मघाशी गाऱ्हाणा अर्ध्यार तुटला, ती चूक पोटात घाल रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आई आणि लेलेकाकू.

“पुण्याच्या पावण्याच्या पायाची आग शांत कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात लेलेकाकांचा आवाज सर्वांत मोठा होता.

“आणि ह्यां आमचा चेडू म्हाराजा! माझ्या धाकट्या भावाचा! हिच्या आवशीन कितीय सांगल्यान तरी—”

“चेडू म्हणजे मुलगी?” डोळे मिटूनच लेलेकाकू किंचाळल्या. “ही तुमची पुतणी?”

“मधी बोलू नको! इंग्लिश शाळेत शिकला, पण घरात दिवसाक धा शब्द बोलणा नाय! आज सहा वाक्या बोलला नाय तर नोकरी जातली! त्येची वाचा उघड रे म्हाराजा! आणि पावण्यांका तो उडतो सरडो एकदा दाखव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

काका थांबले. डोळे मिटलेलेच. “एक आवाज कमी आसा,” म्हणाले. “सगळ्यांचो आवाज व्हयो. परत!”

यानंतर काय घडलं, याबद्दल मतभेद आहेत. धारगळात काका सांगतात, की देव पावला. लेलेकाकांनी आमच्या अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, ‘प्राणी : शून्य. मुंग्या : असंख्य. गाइड एकदाच बोलली, पण स्पष्ट.’ खाली लेलेकाकूंनी लिहिलं, ‘गाऱ्हाणं फार आवडलं. पुन्हा येऊ.’ सरांनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे आणि टेबलाकडे आळीपाळीने बघितलं, आणि म्हणाले, “पुढच्या रविवारी परत एक संधी. घरचं माणूस मात्र एकही नको!” बँकेचा फॉर्म अजून आईच्या कपाटात आहे.

पण खरं काय घडलं ते फक्त मला माहीत आहे, कारण डोळे फक्त माझे उघडे होते.

लेलेकाकांच्या मागे, हातभर अंतरावर, पोफळीच्या खोडाचा एक तुकडा हलला. त्याने मान उचलली. गळ्याखालून लिंबासारखी पिवळीधमक, पानाएवढी कातडी बाहेर काढली, मिटली, पुन्हा काढली. उडता सरडा! माझी सगळी वाक्यं घशाशी रांग लावून उभी होती. लेलेकाकांनी नुसतं वळायला हवं होतं. मी नुसतं ‘मागे बघा’ म्हणायला हवं होतं. दोन शब्द!

सरड्याने बरगड्या फाकवल्या, नारिंगी पंख उघडले आणि स्वतःला हवेत सोडून दिलं. अगदी सावकाश, तो डोळे मिटलेल्या चार चेहऱ्यांवरून, लेलेकाकांच्या झाकण लावलेल्या लेन्सवरून, आईच्या जरीच्या पदरावरून तरंगत निघाला. मी छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरला, तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने, एवढ्या वेळेवर ओरडले,

“व्हय म्हाराजाऽऽ!”